मराठवाड्याखाली तेल आहे का? जुन्या ड्रिलिंगच्या गोष्टी, अफवा आणि खरं काय ते

मांजराकाठ (धागाकर्ता)

वसमत-कळमनुरीकडं जमिनीतून आवाज आले की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज येतोच. 'खाली गॅसचा साठा आहे, सरकारला माहीत आहे, दाबून ठेवलंय.' २०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा आमच्या लातूरच्या ग्रुपवरही तो फिरून गेला. त्याच्या शेपटाला एक जुनी गोष्ट बांधलेली असते. सत्तर-बहात्तर साली रशियन इंजिनिअर आले होते, माळावर उंच मनोरा उभा केला, तेल लागलं आणि मग भोकात सिमेंट ओतून निघून गेले. ही गोष्ट मी औशाच्या माणसाकडून ऐकली आहे, उदगीरच्या, गेवराईच्या आणि भोकरच्याही. गाव बदलतं, रशियन बदलत नाहीत.

हे पात्र काही हवेतून आलेलं नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशी तेल म्हणजे आसामातलं दिगबोई, एवढंच. तिथली विहीर १८८९ ची, रिफायनरी १९०१ ची. मोठ्या परदेशी कंपन्यांना तेल बाहेरून आणून इथं विकणं पुरत होतं, नवीन शोधायची त्यांना फारशी घाई नव्हती. तेव्हाचे केंद्रातले मंत्री केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञ बोलावले, १४ ऑगस्ट १९५६ ला ओएनजीसी उभी राहिली, १९५८ ला खंभातजवळ लुणेजला तेल लागलं आणि १९६० ला अंकलेश्वरला. म्हणजे रशियन होते, त्यांची यंत्रं होती, तेलही लागलं होतं. फक्त ते सगळं गुजरातेत.

पुढं १९७३ चं तेलसंकट आलं. कच्चं तेल बॅरलला तीन डॉलरच्या आसपास होतं ते काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. आणि १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या यंत्रानं मुंबईपासून १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल शोधून काढलं. आपल्याकडं तेव्हा काय चाललं होतं? बहात्तरच्या दुष्काळातून माणसं अजून पुरती उठलीही नव्हती. दिवसभर खडी फोडलेल्या, सुकडी खाल्लेल्या माणसानं रेडिओवर ऐकलं की समुद्राच्या तळातनं तेल निघालं, तर आपल्याही रानात काहीतरी असंल असं त्याला वाटणारच.

मराठवाड्यातून आजवर विकण्याजोगं एक पिंपभर तेल निघालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. एक, खडकाच्या हिशेबानं इथं तेल का नाही? आणि दोन, गावोगावच्या म्हाताऱ्यांनी पाहिलेला तो मनोरा आणि ते गोरे लोक कोण होते? सगळेच खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. इथं कुणी तेलाच्या लायनीत काम केलेलं असेल तर सविस्तर लिहा.

शंकासुर

खासगी कंपनीला गोदावरीच्या मुखाशी समुद्रात गॅस सापडतो. २००२ ला सापडला, २००९ ला निघायलाही लागला. त्याच गोदावरीच्या काठी पैठणला, गंगाखेडला, नांदेडला काहीच नाही? पटत नाही बुवा. कुणी शोधलंच नसेल असं म्हणा.

पुण्यातला_पाहुणा

वाचतोय. अवांतर : एक रुपयाच्या नोटेची मागची बाजू कधी नीट पाहिली आहे का? त्यावर जे समुद्रातलं यंत्र आहे ते 'सागर सम्राट'च. जपानमध्ये बांधलेलं.

भूशास्त्र_नांदेड

कॉलेजात भूशास्त्र शिकवते, त्यामुळे शंकासुरांच्या प्रश्नापासूनच सुरू करते. प्रश्न चांगला आहे.

तेल तयार व्हायला आधी गाळाचा खडक लागतो. उथळ समुद्रात किंवा सरोवरात शेवाळ, प्लवक असले बारीक जीव मरून चिखलासोबत तळाशी बसतात. तो थर गाडला जाऊन दोन-तीन-चार किलोमीटर खोल गेला, साधारण ६० ते १२० अंश उष्णता त्याला लाखो-कोटी वर्षं मिळाली, तर त्यातून तेल सुटतं. त्याहून जास्त तापलं तर गॅस. हे तेल वर सरकत जातं. वाटेत सच्छिद्र वालुकाश्म किंवा चुनखडी भेटली तर तिथं साठतं, पण त्याच्या डोक्यावर शेलचं, म्हणजे चिखल दाबून झालेल्या घट्ट खडकाचं झाकण असलं तरच. झाकण नसेल तर वर येऊन उडून जातं. या साखळीतली एक कडी तुटली तरी बाकीच्यांचा उपयोग नाही.

आता मराठवाडा. पायाखाली सगळा दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकावर एक ओतलेले थर. मध्ये मध्ये लाल गेरूचे पट्टे दिसतात, ते दोन उद्रेकांमधल्या काळात झिजलेल्या पृष्ठभागाचे. विहीर खणणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे : वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच गेरू, पुन्हा पाषाण. हजार-बाराशे अंशांच्या लाव्ह्यातून तेल होत नसतं. प्रश्न उरतो तो लाव्ह्याच्या खाली काय आहे याचा.

त्याचं उत्तर आपल्याला फार महागात पडून मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे एनजीआरआयनं, तिथं एक वैज्ञानिक बोअर घेतलं. खोली ६१७ मीटर. पहिले ३३८ मीटर बेसाल्ट. त्याखाली गाळाचा थर लागला तो फक्त ८ मीटरचा. आणि त्याच्या खाली थेट अब्जावधी वर्षं जुना स्फटिकी खडक, बोअरच्या तळापर्यंत.

८ मीटर. तेलवाल्यांना किलोमीटरच्या हिशेबात जाडी लागते. लाव्हा येण्याआधी लातूरच्या जागी समुद्र नव्हता, उघडा जुना दगड होता, त्यावर थोडी माती-वाळू. त्यावरच लाव्हा पसरला. पूर्वेला या, देगलूर-बिलोलीकडे, तर बेसाल्टचं पांघरूणही संपतं आणि तो जुना ग्रॅनाइट उघड्यावर येतो. किनवटकडे चुनखडी आहे, पण ती इतकी जुनी, की तिच्या भरवशावर कुणी रिग, म्हणजे तेलाची विहीर खणायचं यंत्र, आणणार नाही.

गोदावरीचं म्हणाल तर नदी एकच असली तरी खालचा खडक एक नाही. राजमुंद्रीच्या पुढे किनारा खचत गेला, तिथं कोट्यवधी वर्षं गाळ साठत राहिला, किलोमीटरवर किलोमीटर. काही थर तर आपल्या बेसाल्टच्याही आधीचे आहेत. आपल्याकडची काळी माती गोदावरी तिकडे नेते हे खरं, पण नुसती माती नेऊन तेल होत नाही. गाडलं जावं लागतं, शिजावं लागतं.

शंकासुर

एका बोअरवरनं अख्ख्या मराठवाड्याचा निकाल? आठ जिल्हे आहेत मॅडम.

भूशास्त्र_नांदेड

रास्त आहे. एका बोअरवरून नाही. गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व, जमिनीच्या आतली विद्युतवाहकता मोजून दख्खनच्या पठाराखालचा अंदाज गेली कित्येक दशकं घेतला जातोय. बेसाल्टची मोठी अडचण ही, की तेलवाल्यांचं नेहमीचं हत्यार, म्हणजे सुरुंग लावून किंवा जमीन हादरवून परत येणाऱ्या लहरी टिपणं, ते इथं नीट चालत नाही. लहरींची बरीच ताकद लाव्ह्याचे थरच खाऊन टाकतात, खालचं चित्र धूसर येतं. म्हणून मॅग्नेटोटेल्यूरिक नावाची, खालच्या खडकाची विद्युतवाहकता मोजायची पद्धत सोबत वापरतात. त्यातून बेसाल्टखाली गाळाचे जाड थर असल्याचे संकेत मिळाले ते तापी-नर्मदेच्या पट्ट्यात, म्हणजे धुळे-नंदुरबारच्या अंगाला. सौराष्ट्रात लोधिका आणि धंधुका इथं ओएनजीसीनं बेसाल्ट भेदून खालचे मेसोझोइक, म्हणजे लाव्ह्याआधीच्या डायनोसॉरच्या काळातले, थर प्रत्यक्ष गाठले. त्यामुळे 'बेसाल्टखाली शोधलंच नाही' असं म्हणता येणार नाही. जिथं आशा होती तिथं शोधलं. आपण त्या आशेच्या नकाशावर कडेला आहोत.

निवृत्त_रिगमन

नमस्कार मंडळी. मुलानं लिंक पाठवली म्हणून आलो. मी निलंगा तालुक्यातला. आयटीआय करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी तेलाच्या नोकरीत लागलो ते निवृत्तीपर्यंत. आधी गुजरात, मग समुद्रात, शेवटी राजमुंद्रीकडं. टायपिंगची सवय नाही, सांभाळून घ्या.

मॅडमनी लिहिलेलं एका वाक्यात सांगतो. अंकलेश्वर-मेहसाण्याच्या बाजूला आमची विहीर जिथं संपायची, तिथून लातूरची जमीन सुरू होते.

कसं ते बघा. रिगवर वरून पाईपातून चिखल सोडतात. आम्ही 'मड' म्हणायचो, बेंटोनाइटची माती आणि पाणी, वजन वाढवायला बराइट. तो बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या दात्यांच्या, तोंडातून निघतो आणि भोकाच्या कडेनं वर येतो, येताना कापलेल्या खडकाचा चुरा घेऊन येतो. जिऑलॉजिस्ट साहेब तो चुरा चाळणीवरनं उचलणार, धुणार, भिंगाखाली बघणार, मग अंधाऱ्या पेटीत निळ्या-जांभळ्या दिव्याखाली धरणार. तेल असंल तर चमकतं. वरचे थर शेल, वाळू, शेल, वाळू. असं करत करत एक दिवस चुऱ्यात काळे-हिरवट दगडाचे कण यायला लागायचे आणि बिट पुढं सरकायचं थांबायचं. साहेब म्हणायचे, 'ट्रॅप लागला.' झालं. ट्रॅप म्हणजे हाच आपला काळा पाषाण. तिथं तो तळ मानायचा, विहीर तिथंच थांबवायची. सगळं तेल त्याच्या वरच्या थरांत. आमच्याकडं निलंग्याला त्या पाषाणाच्या वर काय आहे? हातभर काळी माती आणि तूर.

पहिल्यांदा तो चुरा हातात घेतला तेव्हा मला हसू आलं होतं. शेजारी एक बिहारचा टॉपमन, म्हणजे मनोऱ्यावर चढून काम करणारा गडी होता, त्याला म्हटलं, हे तर आमच्या विहिरीवरचं दगडगोटं आहे. त्याला काय कळणार.

आता सिमेंट ओतून बंद करण्याबद्दल. हे मी स्वतः केलेलं काम आहे, आणि त्यात काही लपवायचं नसतं. नव्या भागात खणलेल्या बऱ्याच विहिरी कोरड्या निघतात. कोरडी विहीर तशीच उघडी टाकून जाता येत नाही. खालचं खारं पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळंल, कुठं थोडा गॅस असंल तर वर येईल. म्हणून ठरावीक खोलीवर सिमेंटचे बूच मारायचे, वरचं तोंड कापून झाकण वेल्ड करायचं आणि रिग उचलायची. गावकऱ्यांना काय दिसतं? महिनोन्‌महिने रात्रंदिवस दिवे, मोठमोठे ट्रक, साहेबांच्या जीपा, आणि मग एक दिवस सिमेंट ओतून सगळे गायब. गुजरातेतल्या गावांतही लोक हेच म्हणायचे, 'माल मिळाला, पण दाबला.' तेल लागलं असतं तर आम्ही गेलो नसतो हो. तेल लागल्यावर गेटवर कुलूप, झाडासारखे व्हॉल्व्ह, पाईपलाईन, पहारेकरी, सगळं कायमचं येतं.

ज्वालामुखीचं उदाहरण तर आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचे. हिमाचलात ज्वालामुखी देवीचं मंदिर, तिथं खडकातून ज्योत निघते, सगळ्या देशाला माहीत. ओएनजीसीनं पहिलीच विहीर १९५७ ला तिथं घेतली. डोळ्यांनी दिसणारी ज्योत! थोडा गॅस दिसला, पण विकण्याजोगं काही हाती आलं नाही. देवीच्या दारात मिळालं नाही, तर माळावर आवाज आला म्हणून काय मिळणार.

समुद्रातलं पुन्हा कधीतरी लिहीन. चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी, बारा तासांची पाळी, जुहूहून हेलिकॉप्टर. घरी आलो की म्हातारी विचारायची, 'समुद्रात बोर घेतो म्हणं, मग पाण्यातच पाणी काढतो का?'

गोदातीर

काका, दंडवत! राजमुंद्रीला कधी होतात? तिथल्या पासर्लापुडीच्या गॅस विहिरीची आग पाहिली का?

निवृत्त_रिगमन

पाहिली. जानेवारी १९९५. आठ तारखेला विहीर सुटली आणि पेटली ती मार्चच्या मध्यापर्यंत, पासष्ट दिवस. भात आणि नारळाचा मुलूख, त्यात मधोमध तो जाळ. रात्री कोसावरून उजेड दिसायचा. जवळ जायचं तर पत्र्याच्या आडोशानं, अंगावर पाण्याचा मारा घेत. आजूबाजूची गावं हलवली होती. शेवटी अमेरिकेतले आग विझवणारे तज्ज्ञ आणले.

मला त्या आगीनं एक कळलं. जमिनीत खरोखर दाबाखाली गॅस असतो तेव्हा तो मोबाईलवरच्या मेसेजची वाट बघत नाही. आवाज काढून गप्प बसणारा गॅस मी तरी पाहिला नाही.

आणि एक गंमत. तिकडंही खोल गेल्यावर काही विहिरींत ट्रॅप भेटायचा. राजमुंद्रीजवळ तर तो जमिनीवरही उघडा आहे. साहेब म्हणायचे, हा तुमच्याकडचाच लाव्हा, वाहत वाहत इथवर आलेला. मी म्हटलं, लातूरचं पोरगं नोकरीला इथवर आलं, दगड आधीच आलाय.

भूशास्त्र_नांदेड

राजमुंद्रीच्या त्या थरांबद्दल साहेब बरोबर सांगत होते, ते दख्खनच्या उद्रेकाशीच जोडले जातात. जुन्या दरीखोऱ्यांतून हजारेक किलोमीटर वाहत गेलेला लाव्हा. जगातल्या सगळ्यात लांब प्रवाहांमध्ये त्याची गणना होते.

एक अपवादही नोंदवते, नाहीतर शंकासुर पकडतील. बेसाल्टमध्ये तेल सापडतच नाही असं नाही. वडोदऱ्याजवळ पादरा इथं भेगाळलेल्या ट्रॅपमधून तेल निघतं. पण ते तिथं तयार झालेलं नाही, शेजारच्या गाळाच्या थरांतून सरकून भेगांत शिरलं आहे. आपल्याकडे शेजारी असा देणारा कुणी नाही.

लातूरचा_बोरवाला

रिगमन काका राम राम. मी बोरच्या गाडीवर एजंट म्हणून लई वर्सं काढली. गाड्या सगळ्या तमिळनाडूच्या, तिरुचेनगोडच्या. धागाकर्त्याचा दुसरा सवाल हाय ना, मनोरा आन गोरे लोक, त्याचं मी सांगतो.

ते गोरे तेलासाठी आलेच नव्हते, पाण्यासाठी आले होते!

आमच्या धंद्यातले जुने लोक सांगायचे. आधी पाषाणात बोर घ्यायचं म्हणजे ठोकून ठोकून महिना जायचा. साठ-सत्तरच्या टायमाला युनिसेफनं हवेवर चालणाऱ्या हॅमरच्या परदेशी गाड्या आणल्या, प्यायच्या पाण्यासाठी. एका दिवसात भोक! बहात्तरच्या दुष्काळात तर त्याचीच वाट बघायचे लोक. जालन्याला मिशनचे साहेब लोक होते, त्यांचं बोरचं आन हापशाचं काम चालायचं. त्या 'जालना पंपा'वरनं आन 'सोलापूर पंपा'वरनंच पुढं इंडिया मार्क टू हापसा झाला. आज सगळ्या जगात हाय तो, आफ्रिकेत सुद्धा. आपल्या जालन्याची चीज, आन आपल्याच पोरांना माहीत नाही.

आता सांगा, त्या टायमाला खेड्यातल्या माणसानं लोखंडी मनोऱ्याची गाडी बघितली, धुरळा उडालाय, कॉम्प्रेसर गरजतोय, गोरा साहेब टोपी घालून उभा. आन पाणी नाही लागलं तर भोक बुजवून गाडी पुढच्या गावाला. चाळीस वर्सांनी त्याचं 'रशियन आले होते, तेल लागलं होतं' व्हायला किती येळ लागतोय?

मांजराकाठ (धागाकर्ता)

हे फारच पटलं. मिशनचा साहेब आणि पेपरातला अंकलेश्वरचा रशियन, दोघं एकत्र होऊन एकच माणूस झाला असणार. औशाच्या ज्या आजोबांकडून मी ही गोष्ट ऐकली त्यांना 'रशियन कशावरून?' असं विचारलं होतं, तर म्हणाले, 'गोरा होता, इंग्रज तर निघून गेले होते.'

बोरवाले दादा, नवीन बोरमधून पहिल्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो, त्याचं काय? त्याचे व्हिडिओ तर सतत फिरतात.

लातूरचा_बोरवाला

त्ये हॅमरचं ऑईल हाय हो! हॅमरचा पिस्टन सुका चालत नाही, हवेसंगं त्याला ऑईल सोडावं लागतंय. बोर झाल्या झाल्या फ्लशिंग करताना त्येच तवंग म्हणून वर येतंय. लोकं मला फोन करायलेत, 'दादा पेट्रोल लागलं.' म्हटलं दोन दिवस मोटर चालवा, पेट्रोल संपतंय. संपलंच. कधी कधी जुन्या बोरमध्ये मोटरचं सील जाऊन त्यातलं ऑईल उतरतंय, ती निराळी भानगड.

भूशास्त्र_नांदेड

यात भर. डबक्यात, झऱ्यात, बंद पडलेल्या हापशाभोवती जो इंद्रधनुषी तवंग दिसतो, तो बहुतेक वेळा लोहजीवाणूंचा असतो. घरच्या घरी ओळखता येतो. काडीनं त्याला मध्येच ढोसा. जीवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे तसेच वेगळे राहतात. खनिज तेलाचा असेल तर फाटलेला भाग लगेच पुन्हा जुळतो. दरवर्षी विद्यार्थ्यांना हे करायला लावते.

आणि हिंगोलीचे आवाज. ते छोटे, फार उथळ भूकंप आहेत. केंद्र जवळ आणि वर असलं की लहरींचा काही भाग हवेत शिरून ढगांच्या गडगडाटासारखा ऐकू येतो, जमीन हललेली कळो न कळो. पावसाळ्यात भेगांत मुरणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध असावा, असा अभ्यासकांचा एक कयास आहे. त्यासाठी गॅस लागत नाही.

तेरणाकाठची

बराच वेळ लिहू का नको असं चाललं होतं. माझं माहेर किल्लारीपासून जवळ.

आवाजांबद्दल जरा जपून बोलूया. १९९२ ला आमच्याकडं असेच धक्के बसत होते, आवाज येत होते. तेव्हाही कुणी गॅस म्हणालं, कुणी ज्वालामुखी. पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हिंगोलीला तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण 'खाली गॅस आहे' या मेसेजमुळं माणसं चुकीच्या गोष्टीची काळजी करत बसतात. खरी काळजी दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची. आमच्याकडं माणसं मेली ती त्याखाली. गॅसनं कुणी मेलं नाही.

बोअर घेतलं तेव्हाचं मला आठवतं. दगडाचे लांबच लांब गोल दांडके काढून पेट्यांत ओळीनं मांडून ठेवायचे, वर आकडे लिहिलेले. आमच्या शेजारच्या मामांना वाटायचं, यातून पुढचा भूकंप कधी ते कळणार. ते रोज जाऊन विचारायचे. तिथली मुलं बिचारी चांगली होती, चहा द्यायची. तेल वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तेलाची गोष्ट नंतर जोडली गेली, बहुधा आमच्या गावाबाहेरच्या लोकांनी.

निवृत्त_रिगमन

ताई, बरोबर लिहिलंत. मी तेव्हा नोकरीवर होतो, बातमी कळल्यावर दोन दिवस घरचा पत्ता लागेना. फोन लागत नव्हते.

त्या दगडी दांडक्यांना आम्ही 'कोर' म्हणतो. तेलाच्या विहिरीत कोर रोज काढत नाहीत, महागाचं काम असतं, महत्त्वाच्या थरातच काढतात. तिथं वैज्ञानिकांना दगडच बघायचा होता म्हणून पेट्या भरल्या. मी निवृत्तीनंतर ते आकडे वाचले. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. बोरवाले दादा, आता लातूरला किती खोल जातात?

लातूरचा_बोरवाला

काका, पैले दोनशे फुटाला पाणी लागायचं. आता आठशे, हजार फूट मारायलेत लोकं. म्हंजी तुमच्या हिशेबानं पाषाणाच्या बुडाला टेकायलाच आलो की आमी.

निवृत्त_रिगमन

तेच तर म्हणतोय. तेलाच्या कंपनीनं जे भोक घेतलं नाही ते आपण पाण्यासाठी घेतलं. हजारो ठिकाणी. तेवढ्या बोरांत खरोखर कुठं तेलाचा चुरा असता तर तिरुचेनगोडच्या गाडीवाल्यांनी आधी सांगितलं असतं, त्यांच्याइतका आपल्या जमिनीचा चुरा कुणी बघितलेला नाही.

पुण्यातला_पाहुणा

हे वाक्य चौकटीत टाका कुणीतरी. +१

शंकासुर

ठीक. रशियन सोडले, सिमेंट सोडलं. पण माझ्या मामाच्या बोरला खरोखर रॉकेलसारखा वास येतो. तवंग आहे, काडीनं फाटतो आणि पुन्हा जुळतो, आत्ताच फोन करून करायला लावलं. बोर जुनं आहे, हॅमरचं ऑईल असायचा प्रश्न नाही. मोटर मागच्याच वर्षी नवीन टाकली. एकदा पोरांनी बादलीतल्या पाण्याला काडी लावली तर भक्क झालं म्हणे. आता बोला.

भूशास्त्र_नांदेड

आधी पोरांना सांगा, पुन्हा काडी लावायची नाही, बोरच्या तोंडाशी तर मुळीच नाही. ते पाणी पिणं आणि जनावरांना पाजणं आजपासून बंद. अंघोळीलाही नको.

आता एक विचारते. बोरपासून जवळ पेट्रोल पंप आहे का? किंवा जुना, बंद पडलेला?

शंकासुर

आहे. रस्त्याच्या पलीकडं. चालू आहे.

निवृत्त_रिगमन

सापडलं तेल.

भूशास्त्र_नांदेड

बहुतेक तेच. जमिनीखालची टाकी किंवा तिचा पाईप गळत असेल तर पेट्रोल-डिझेल मुरमातून झिरपत भेगांपर्यंत जातं आणि जवळचं बोर ते ओढून घेतं. बोर जितकं जास्त उपसाल तितकं जास्त येईल. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधूनच फिरतं, त्यामुळे अशी घाण कुठल्या बोरला जाईल ते सांगता येत नाही. शेजारच्यांची बोरंही तपासून घ्या. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा, पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, हवा न ठेवता, थंड जागी ठेवून न्या. प्लास्टिकच्या बाटलीत नको. आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुरवठा विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला. तोंडी सांगून काही होत नाही. अर्जात तारीख, बोरची खोली आणि पंपापासूनचं अंतर लिहा.

लातूरचा_बोरवाला

आन मामाला सांगा, शेजारी नवीन बोर मारायच्या नादी लागू नका, त्यातबी त्येच येणार. पैले गळती बंद होऊ द्या.

शंकासुर

मामांना कळवलं. ते म्हणतात, गावात आधीच बातमी पसरलीय की आपल्या वावरात तेल लागलं आणि एकरी भाव वाढला. अर्ज द्यायला ते जरा नाखूश आहेत.

अर्जाचा नमुना कुणाकडं आहे का? मीच लिहून नेतो.